तंबोऱ्याची जव्हारी : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

वाद्य कोणी सुरेख वाजविले म्हणजे आपण वाजविणाऱ्याची वाहवा करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या वाद्यातून तो सूर निघाला त्याच्या पोटात काय आहे, त्याचा आवाज कशाने मोकळा होतो व कशाने कोंडतो, याची चौकशी करणारे आपल्यांत थोडेच असतात. आज ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो ते पहिल्या प्रतीचे गवई तर होतेच. पण त्याखेरीज वाद्याच्या पोटात डोकावणारे, आणि प्रसंगी हाती कानस घेऊन त्याचा बिघडलेला सूर स्वतः दुरुस्त करणारे कारागीरही होते. गवई म्हणून त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. कारागीर म्हणून त्यांची आठवण क्वचितच कोणी काढतो, आणि आम्हांस तर त्यांच्या गाण्याचे मर्म तेथेच सापडते असे वाटते.

चरित्रास हात घालण्यापूर्वी थोडे आजचे उदाहरण देतो, म्हणजे पुढील मजकूर मुलांस सहज उमगेल. अलीकडे आमच्या मोखाडा-जव्हारच्या डोंगरातही मुलांच्या हाती विजेची गिटार दिसू लागली आहे. तिचा एक प्रकार अर्धा पोकळ असतो. म्हणजे मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा, दोन्ही अंगांस पोकळ कप्पे, आणि त्या कप्प्यांवर नागमोडी चिरा. तारांखाली पिकअप नावाचा एक लहानसा भाग बसविलेला असतो. त्यात लोहचुंबक असून त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात खळबळ होते व त्या वेढ्यांत अगदी क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो आतील तारांवाटे, आवाज कमीजास्त करण्याच्या बटणांतून, बाहेरच्या ध्वनिवर्धकाकडे जातो. पिकअप साधा एकेरी असला म्हणजे घरातील विजेची घूंघूं तो सुरात मिसळून देतो. ही पीडा जावी म्हणून अमेरिकेतील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर या गृहस्थांनी १९५५ साली दोन वेटोळी एकमेकांस उलट जोडून ती गुणगुण परस्पर नाहीशी करण्याची युक्ती काढली. तेव्हापासून हौशी लोक जुना पिकअप उतरवून असा दुसरा बसवितात, जुन्या तारा काढून नव्या घालतात. या गिटारीस पाठीमागे बहुधा झाकण नसते. त्यामुळे सारी जोडणी दोऱ्यांस बांधून त्या नागमोडी चिरेतून हळूहळू आत ओढून घ्यावी लागते. काम मोठे चिकाटीचे. आणि ते करणाऱ्यास आपणांस कोणता आवाज हवा आहे हे आधी कानात पक्के ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर नवा पिकअप बसवूनही हाती काही लागत नाही.

कानात आधी सूर, आणि मग वाद्यात फेरफार: हाच क्रम खाँसाहेबांनी जन्मभर पाळला. त्यांच्या वाद्यात वीज नव्हती, एवढाच काय तो फरक.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. दिल्लीच्या उत्तरेस, यमुनेच्या बाजूस हे गाव आहे. त्याच्याच नावावरून पुढे त्यांच्या गायकीस किराणा घराणे हे नाव पडले. महाराष्ट्रात किराणा म्हटले की वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे येते आणि मुले हसतात, म्हणून हा खुलासा. घराण्यात गाणे-बजावणे पिढीजात होते. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. आरंभी त्यांचा हात सारंगीवर बसला. त्याशिवाय बीन, सतार, तबला हीही वाद्ये त्यांनी आत्मसात केली. त्या काळी सारंगियाला मैफलीत मान कमी असे, तो गवयाच्या मागे बसणारा. म्हणून त्यांनी सारंगी मागे ठेवून गळा पुढे केला असे सांगतात. परंतु सारंगीने त्यांस जे दिले ते त्यांच्यापासून कधीच दूर झाले नाही. सारंगीला पडदे नसतात. सूर नेमका कोठे आहे हे बोटाने व कानाने शोधावे लागते; केसभर बोट सरकले की सूर गेला. ज्या मुलाचे बालपण अशा वाद्यावर गेले त्याचा कान किती तीक्ष्ण झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्यास आले. सयाजीराव महाराज गायकवाड यांचा दरबार त्या वेळी गुणीजनांचा मोठा आधार होता. तेथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई हिला ते गाणे शिकवू लागले, आणि त्यांतून दोघांचे मन जुळले. सरदारघराण्यातील हिंदू मुलगी व परप्रांतातील मुसलमान गवई. दरबारास हे रुचणे शक्यच नव्हते. एकोणिसावे शतक सरता सरता दोघांनी बडोदे सोडले व मुंबईची वाट धरली. दरबारी नोकरीचा निश्चित घास गेला, आणि यापुढे जलसे व शिकवण्या यांवर संसार चालवावयाचा होता.

पुढे मिरजेशी त्यांचा ऋणानुबंध जुळला. मिरज हे नाव आमच्या वाचकांस बहुधा डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली उघडलेल्या रुग्णालयामुळे परिचयाचे असेल. पण गाण्याच्या जगात त्या गावाची ओळख निराळीच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथे शिष्य तयार करीत; विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी तेथेच शिकले. आणि याहून आमच्या विषयास लागू अशी गोष्ट म्हणजे, मिरज हे तंतुवाद्ये घडविणाऱ्यांचे गाव होते. शिकलगार म्हणजे तलवारींना पाणी देणारे, शस्त्रे दुरुस्त करणारे कारागीर. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंबोरे व सतारी घडविण्याचा उद्योग हाती घेतला, आणि त्यांच्या वंशात तो वाढत गेला. शस्त्रे घासणाऱ्या हातांनी वाद्ये घडवावी, हे आम्हांस इतिहासातील एक गोड आश्चर्य वाटते. त्याच मिरजेत १९०५ साली खाँसाहेबांस कन्या झाली. तीच पुढे हिराबाई बडोदेकर म्हणून साऱ्या देशास माहीत झाली.

असे गाव खाँसाहेबांस मानवले नसते तरच नवल. वाद्ये दुरुस्त करण्याचा त्यांस मनापासून नाद होता, व दुरुस्तीच्या हत्यारांचा संच ते बाळगून असत. मोठ्या गवयाने असली कामे आपल्या हाताने करावी, हे त्या काळच्या रीतीस धरून नव्हते. तंबोरा बिघडला तर कारागिराकडे धाडावा व आपण गादीवर बसावे, अशी चाल. खाँसाहेब स्वतः बसून घोडी घाशीत.

या घासण्यात काय आहे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे आपल्या तारप्याच्या भोपळ्याचाच मोठा भाऊ. तारप्यात वाळलेल्या भोपळ्यात वारा भरतो व बांबूच्या नळीतील जीभ थरथरते. तंबोऱ्यात तार थरथरते व भोपळा तिचा आवाज वाढवितो. तंबोऱ्याच्या चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, आणि शेवटची, जाड व पितळेची, खर्जाची. ज्या रागात पंचम नाही त्यात पहिली तार मध्यमावर किंवा निषादावर लावतात. या चारही तारा भोपळ्यावरील रुंद घोडीवरून जातात. ही घोडी वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अतिशय सौम्य असा उतार दिलेला असतो. त्यामुळे तार एका बिंदूवर टेकत नाही, तर थरथरताना उतारावर किंचित घासत, सुटत, पुन्हा टेकत राहते. घोडी व तार यांच्यामध्ये कापसाचा एक दोरा सरकवितात. तो रेसभर पुढे-मागे झाला की मुका आवाज एकाएकी उघडतो आणि मधमाश्यांच्या गुंजारवासारखा नाद खोलीभर पसरतो. या उघडलेल्या नादास जव्हारी म्हणतात. आमच्या जव्हार गावाशी या शब्दाचा संबंध नाही, हे येथील मुलांस आधीच सांगून ठेवतो. नाही तर वार्षिक परीक्षेत कोणी तसे लिहून यावयाचा!

तार रोज घासून घोडीवर बारीक चर पडतो, आणि मग जव्हारी बंद होते. त्या वेळी घोडी पुन्हा घासून, उतार नव्याने काढून, गुळगुळीत करावी लागते. एक कानस जास्त फिरली तर तार झणझणू लागते, कमी फिरली तर मुकीच राहते. या कामाला मोजपट्टी नाही. कान हीच मोजपट्टी.

आता जव्हारी खुली असलेल्या तंबोऱ्यात एक चमत्कार घडतो. चारांपैकी एकही तार गांधारावर लावलेली नसते, तरीही शांतपणे ऐकणाऱ्यास गांधार स्पष्ट ऐकू येतो. जुने लोक त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. कारण अगदी साधे आहे. कोणतीही तार नुसती एकच एक सूर देत नाही. ती आपल्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांतही थरथरत असते. मधला षड्ज दर सेकंदास २४० कंपनांचा धरला तर खर्जाची तार १२० कंपनांची होते. तिचा पाचवा अंश १२० च्या पाचपट, म्हणजे ६०० कंपनांचा सूर देतो. तो वरच्या सप्तकातील गांधार. त्याच्या निम्मा, म्हणजे ३००, हा मधल्या सप्तकातील शुद्ध गांधार. हा सूर कोणा शास्त्रकाराने ठरविला नाही. तारेनेच तो दिला आहे.

खाँसाहेब ज्याच्यासाठी घोडी घाशीत तो हा सूर. गळ्यातून निघणारा गांधार तंबोऱ्यातील गांधारात असा मिसळावा की दोन सूर आहेत हे ऐकणाऱ्यास कळूच नये, एवढ्यासाठी सारी खटपट. त्यांच्या गाण्यात जोरकस ताना, लयीचे झगडे यांना मान दुसरा. पहिला मान सुराला. त्यांचा आवाज बारीक, नाजूक, वरच्या सप्तकात सहज रेंगाळणारा होता. एक एक स्वर घेऊन त्यावर ते इतके स्थिर राहत की श्रोत्यांस काळाचे भान उरत नसे. काहींना हे गाणे फार संथ वाटे, व तशी टीकाही झाली. आमच्या मते टीकाकारांनी तंबोऱ्याकडे कान दिला नव्हता.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्य गुरूच्या घरी राहून शिकत, व विद्यालयाचा खर्च जलसे करून भागवीत. उत्तरेकडील मुसलमान उस्ताद आपली विद्या घराबाहेर देत नाहीत, अशी त्या काळी सार्वत्रिक तक्रार होती. खाँसाहेबांच्या शिष्यांत मात्र ब्राह्मणांची मुलेही होती. त्यांतील कुंदगोळचे रामभाऊ पुढे सवाई गंधर्व म्हणून रंगभूमी व मैफल या दोन्ही ठिकाणी गाजले. पुण्यामुंबईत त्या वेळी आणखी एक गोष्ट लोकांच्या तोंडी होती. खाँसाहेबांनी म्हणे टिपू नावाचा एक कुत्रा पाळला होता व त्यास सुरात आवाज काढावयास शिकविले होते. गोष्ट खरी असो वा वाढविलेली असो, ती खाँसाहेबांविषयीच निघावी यात त्यांच्या सूरवेडाची साक्ष आहे.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यातील तो उद्योग घडला, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. सांगलीकडील कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले विद्वान गृहस्थ. आपल्या प्राचीन ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या प्रत्यक्षात कोणत्या, हे मोजून काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला, व १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांस येऊन मिळाले. त्यांचेही पुस्तक १९१३ साली निघाले. परंतु मोजावयाचे म्हणजे आधी कोणी तरी सूर अचूक लावला पाहिजे. चुकीचा सूर मोजून काय उपयोग? त्यासाठी त्यांनी खाँसाहेबांचा गळा पारखून घेतला. ते गात, आणि विद्वान त्या सुरांशी तार मिळवून तिची लांबी मोजीत व गणित मांडीत.

या मोजमापांतून श्रुतिहार्मोनियम निघाले. नेहमीच्या बाजाच्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, सप्तकास बाराच सूर असतात. पेटी उघडून पाहिली तर आत पितळेच्या लहान लहान जिभा ओळीने बसविलेल्या दिसतात; हवा सुटली की त्या थरथरतात. यांस रीड म्हणतात. जिभेचे टोक थोडे खरवडले तर सूर चढतो, बुडखा खरवडला तर उतरतो. पाश्चात्य देशांत कोणत्याही पट्टीत वाजविता यावे म्हणून हे बारा सूर सारख्या अंतरावर बसवितात, आणि तेथेच आपल्या गाण्याचा घोटाळा होतो. षड्ज २४० कंपनांचा असता तंबोऱ्यातील गांधार ३०० येतो हे वर सांगितलेच. पेटीतील गांधार मात्र सुमारे ३०२.४ येतो. पंचम ३६० हवा, तो ३५९.६ येतो. पंचमातील फरक बहुतेकांच्या कानास जाणवत नाही, गांधारातील जाणवतो. तंबोरा व पेटी एकत्र वाजू लागली की दोन्ही गांधार एकमेकांशी भांडू लागतात, आणि बिचारा गवई पेटीच्या बाजूने ओढला जातो, कारण पेटीचा आवाज मोठा.

देवल व क्लेमंट्स यांनी पेटीच्या आतील रचनाच बदलली. बारा सुरांनी भागत नाही, तर बावीस श्रुती निघतील अशा रीडी घालावयाच्या. वाद्य तेच, पोट निराळे. गिटारीतील पिकअप व तारा बदलणारा जे करतो त्याच जातीचे हे काम, फक्त येथे प्रश्न घूंघूं घालविण्याचा नसून एका प्राचीन विद्येचे सूर परक्या यंत्रात बसविण्याचा होता. यश आले असते तर हिंदुस्थानातील प्रत्येक शाळेत ती पेटी गेली असती, आणि आपल्या मुलांचा कान निराळ्या सुरांवर तयार झाला असता. एवढा मोठा डाव होता.

१९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत हे श्रुतिहार्मोनियम मांडण्यात आले. परिषदेचे प्रमुख कार्यकर्ते पंडित विष्णु नारायण भातखंडे व इतर जाणते यांस ते मान्य झाले नाही. गवयांचे सूर पेटीच्या सुरांशी सर्वत्र जुळेनात. हा पराभव देवलांच्या गणिताचा होता असे आम्हांस वाटत नाही. खाँसाहेबांच्या गळ्याचा तर मुळीच नव्हता. अडचण अशी की आपल्या रागांतील सूर खुर्चीवर बसल्यासारखे बसत नाहीत. दरबारी कानड्यातील कोमल गांधार हेलकावे खातो. त्याला एकच जागा नेमून दिली तर दरबारी राहत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कोणत्या रीडीत बसवावी? यंत्राने बाराच्या ठिकाणी बावीस जागा केल्या, त्या चाळीस केल्या असत्या तरी मधली वाट मोकळीच राहिली असती. तथापि तो प्रयत्न वाया गेला असेही नाही. साध्या पेटीत नेमके काय चुकते, हे त्यामुळे आकड्यांनिशी लोकांपुढे आले. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली, त्या वादाच्या मुळाशी हेच सुरांचे भांडण होते. ती बंदी पुढे कित्येक वर्षांनी सैल झाली. पेटी आज सर्वत्र आहेच, आणि ती आमच्याही शाळेत सकाळी वाजते.

घरात मात्र दुःखाचा प्रसंग आला. १९२२ साली ताराबाई पाचही मुलांस घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी माने हे आईच्या घरचे नाव घेतले. अब्दुल रहमान सुरेशबाबू झाले. चंपाकली हिराबाई झाली. कृष्णराव, कमलाबाई व सरस्वतीबाई ही धाकटी भावंडे. यांच्या दुराव्याच्या कारणांत शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. एवढे खरे की पित्याचा सूर मुलांनी टाकला नाही. हिराबाईंनी पुढील शिक्षण खाँसाहेबांचे आप्त अब्दुल वहीद खाँ यांच्यापाशी घेतले, आणि कुलीन स्त्रीने तिकीट लावून जाहीर गाणे ही गोष्ट जेव्हा अवघड होती तेव्हा ती त्यांनी प्रतिष्ठेने करून दाखविली. सुरेशबाबूंपाशी भीमसेन जोशी व प्रभा अत्रे यांच्यासारखे लोक शिकून गेले.

खाँसाहेब मिरजेस परतले व शेवटपर्यंत तेच त्यांचे घर राहिले. मैसूर दरबाराच्या निमित्ताने दक्षिणेत त्यांचे जाणे-येणे पूर्वीपासून होते. उत्तरेकडील गवई त्या काळी कर्नाटक संगीताकडे सहसा लक्ष देत नसत. खाँसाहेबांनी ते आदराने ऐकले, त्यातील सरगमाची तऱ्हा आपल्या गाण्यात आणली, आणि त्यागराजांची रचना स्वतः गाऊन तिची तबकडीही करविली. हुबळी-धारवाडच्या मुलखात किराणा घराणे रुजले त्याचे बी या प्रवासांत पडले. गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी हे दोघेही सवाई गंधर्वांचे शिष्य, म्हणजे खाँसाहेबांचे नातशिष्य. भीमसेन तर लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकूनच वेडावले व पुढे गुरूच्या शोधात घर सोडून निघाले.

तबकड्यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या. त्या वेळी गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. आवाजाच्या धक्क्यानेच सुई हलून मेणावर रेघ उमटे. विजेचा संबंध नाही. त्यामुळे तंबोऱ्याचा सूक्ष्म गुंजारव त्या तबकड्यांत जवळजवळ हरपला आहे. १९२५ पासून जगात ध्वनिक्षेपक, म्हणजे मायक्रोफोन, वापरून विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले. आवाजाचा विद्युत्प्रवाह करावयाचा व तो वाढवून सुईस द्यावयाचा. गिटारीचा पिकअप याच कुळातला. खाँसाहेबांच्या उतारवयातील, १९३४ नंतरच्या ओडियन कंपनीच्या तबकड्या या नव्या रीतीच्या आहेत. एका बाजूस तीनएक मिनिटांचाच अवकाश. तेवढ्यात एक राग मांडावयाचा. ज्यास शक्य असेल त्याने झिंझोटीतील व भैरवीतील त्यांच्या ठुमऱ्या एकदा डोळे मिटून ऐकाव्या. साठी ओलांडलेल्या माणसाचा तो आवाज आहे हे सांगितल्यावाचून कळणार नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीस जावयास निघाले होते. आगगाडीतच त्यांच्या छातीत दुखू लागले. चिंगलपेटनजीक सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते शिष्यांसह उतरले. रात्रीची वेळ, फलाटावरच बिछाना अंथरला. त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवून घेतला, आणि दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराचे नामस्मरण करीत असता त्यांचे प्राण गेले. तो दिवस २७ ऑक्टोबर. देह मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ तेथे गवई जमतात व रात्र रात्र गाणे होते.

दर्ग्यापासून फार दूर नाही अशा गल्लीत शिकलगारांचे वंशज सतारमेकर या नावाने दुकाने मांडून बसलेले आहेत. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे सोलापूर-पंढरपूरकडून येतात, वर्षभर वाळवितात, मग कापतात. घोडी घासणारा कारागीर दोरा सरकवून तार छेडतो, मान हलवितो, दोरा काढतो, पुन्हा दोनदा कानस फिरवितो, आणि पुन्हा तार छेडतो.